दप्तर, पेनड्राईव्ह आणि मुंबईतला सर्व्हर

यावल तालुक्यातल्या एका विविध कार्यकारी सोसायटीत सचिव रोज संध्याकाळी टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा बॅकअप न चुकता घेत. पेनड्राईव्ह तिजोरीच्या किल्ल्यांच्या जुडग्याला अडकवलेला, जुडगा टेबलाच्या खणात. कॉम्प्युटर, खण, तिजोरी सगळं एकाच खोलीत. शॉर्टसर्किट झालं असतं तर मूळ आणि नक्कल दोन्ही एकदम गेलं असतं.

यात सचिवांना हसण्यासारखं काही नाही. दप्तर कागदाचं होतं तेव्हा नक्कल आपोआप बाहेर राहायची: सभासदाच्या पासबुकात, जिल्हा बँकेच्या खातेउताऱ्यात, ऑडिट रिपोर्टमध्ये. रोजकीर्द वाळवीने खाल्ली तरी या कागदांवरून हिशेब बराचसा उभा करता यायचा. सगळं एका हार्डडिस्कवर आलं आणि हा विखुरलेपणा गेला. तो गेल्याचं कोणाच्या लक्षातही आलं नाही.

नक्कल दुसऱ्या ठिकाणी ठेवायची चिंता अमेरिकेत अणुबॉम्बच्या धाकातून आली. अळिंबी पिकवायला घेतलेल्या न्यूयॉर्क राज्यातल्या एका बंद लोखंडाच्या खाणीत 1951 साली दुसऱ्यांची कागदपत्रं सांभाळायचा धंदा सुरू झाला. ‘आयर्न माउंटन’ ही कंपनी ती हीच. पुढे कागदांच्या जोडीला कॉम्प्युटरच्या टेप आल्या. पण टेप गाडीतून नेऊन दूर ठेवणं मोठ्या बँकांना परवडायचं, लहान संस्थेला नाही.

इंटरनेटवरून नक्कल दूर पाठवणं लहानांच्या आवाक्यात आलं ते 2006 च्या आसपास. त्या मार्चमध्ये अ‍ॅमेझॉनने एस-3 ही साठवणसेवा उघडली. मोझी, कार्बोनाइट, बॅकब्लेझ या ऑनलाइन बॅकअप सेवा याच काळातल्या. आपल्याकडे मात्र तेव्हा सरकारी व्याख्येनुसार 256 केबीपीएस (सेकंदाला इतके किलोबिट) म्हणजे ब्रॉडबँड. पूर्ण वेग मिळाला असं धरलं, तरी एक जीबी वर चढवायला नऊ तासांहून जास्त लागणार, आणि त्या काळच्या लोडशेडिंगमध्ये सलग नऊ तास वीज मागणं म्हणजे थट्टाच. म्हणून खान्देशात सीडी आणि पेनड्राईव्हच टिकले.

चित्र पालटलं 2016 मध्ये. जूनमध्ये अ‍ॅमेझॉनची मुंबईतली डेटा सेंटर्स सुरू झाली, सप्टेंबरमध्ये जिओ आलं. पुढच्याच मे महिन्यात वॉनाक्राय व्हायरसने जगभरच्या फायली कुलूपबंद केल्या. अशा हल्ल्यात कॉम्प्युटरला जोडून ठेवलेली बॅकअप डिस्कही मूळ फायलींबरोबर लॉक होते, हे त्यानंतर लोकांना पटलं. नुसतं सिंक, म्हणजे फाइल बदलली की ऑनलाइन प्रतही आपोआप बदलणं, हेही इथे कामाचं नाही, कारण बिघडलेली फाइलसुद्धा ते इमानेइतबारे वर चढवतं. मागच्या तारखांच्या आवृत्त्या किती दिवस ठेवता, हा प्रश्न म्हणून दराच्या आधी विचारायचा. छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला ‘तीन-दोन-एक’ नियमही आजही लागू पडतो: तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, एक बाहेर.

सेवा देणाराही अमर नसतो. क्रॅशप्लॅन या ऑनलाइन बॅकअप सेवेने 2017 साली घरगुती ग्राहकांची सेवा बंद करत असल्याचं जाहीर केलं. मार्च 2021 मध्ये फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्गला ओव्हीएच कंपनीचं डेटा सेंटर जळालं, तेव्हा बॅकअपही त्याच आवारात असलेल्या ग्राहकांचं सगळंच गेलं. म्हणजे यावलचीच खोली, फक्त मोठी.

ऑगस्ट 2022 पासून कंपन्यांना हिशेबाच्या इलेक्ट्रॉनिक वह्यांचा बॅकअप रोज, भारतातल्याच सर्व्हरवर ठेवणं बंधनकारक आहे. सोसायटीला किंवा वाचनालयाला हा नियम लागू नाही. पण रावेरकडची केळी उत्पादकांची शेतकरी उत्पादक कंपनी ही कागदोपत्री कंपनीच आहे. तिथल्या संचालकांनी परदेशी सेवेचं स्वस्त पॅकेज घेण्याआधी सर्व्हर कोणत्या देशात आहे ते लेखी घ्यावं.

यावलच्या त्या सोसायटीने शेवटी ऑनलाइन सेवा घेतली. डेटा कूटबद्ध होऊन जातो आणि उघडायची किल्ली फक्त संस्थेकडे; ती हरवली तर कंपनीही काही करू शकत नाही. सचिवांनी किल्लीचा लांबलचक पासवर्ड छापला, पाकिटात घातला, पाकिटाला लाख लावली आणि तिजोरीत ठेवलं. त्याच खोलीतल्या. ऑडिटरने विचारल्यावर दुसरं पाकीट फैजपूरला चेअरमनच्या घरी गेलं.