जुलैपर्यंत टिकलेला बर्फ

२०१४-१५ च्या हिवाळ्यात अमेरिकेतल्या बॉस्टन शहरात ११०.६ इंच बर्फ पडला. रस्त्यांवरून उचलून मोकळ्या जागेत टाकलेल्या बर्फाची ७५ फूट उंच टेकडीच झाली. तिचा शेवटचा तुकडा वितळल्याचं महापौरांनी जाहीर केलं ते थेट १४ जुलैला!

असा ढीग कधी संपेल, याचा अंदाज बांधण्याची सोपी रीत म्हणजे अंश-दिवस पद्धत. दिवसाचं सरासरी तापमान शून्याच्या वर जितके अंश, त्या प्रत्येक अंशामागे साधारण ३ ते ६ मिलिमीटर पाण्याइतका बर्फ वितळतो. १० अंशांच्या दिवशी, ५ चा गुणक धरला, तर ५० मिलिमीटर. पण ढिगातला बर्फ यंत्रांनी दाबलेला, घट्ट असतो, त्यामुळे उंची जेमतेम ८ सेंटीमीटरने घटते. शिवाय ऊन-वारा लागतो तो फक्त पृष्ठभागाला. आतल्या बर्फाला बाहेरच्या उन्हाळ्याची खबरही नसते.

खरी गुंतागुंत मळाची आहे, आणि मला तीच सर्वांत विलक्षण वाटते. ताजा बर्फ ८० ते ९० टक्के सूर्यप्रकाश परतवून लावतो. त्यावर काजळी-धुळीचा पातळ थर बसला की तो ऊन शोषू लागतो आणि भराभर वितळतो. मात्र बर्फाचं पाणी वाहून गेलं तरी त्यातली रेती, खडी आणि कचरा वरच साचत राहतो. हा थर काही सेंटीमीटर जाड झाला की त्याचंच पांघरूण होतं आणि खालच्या बर्फापर्यंत ऊब पोचेनाशी होते. म्हणजे एकच मळ आधी बर्फ वितळवतो आणि मग राखतो. ठरावीक गुणक इथेच फसतो. नेमकं भाकीत हवं असेल, तर थराची वाढती जाडीही गणितात धरावी लागते.

पावसाचा वाटा मात्र वाटतो त्याहून कितीतरी कमी. १० अंश तापमानाचा १० मिलिमीटर पाऊस जेमतेम सव्वा मिलिमीटर पाण्याइतका बर्फ वितळवतो. त्यापेक्षा दमट वारा भारी: हवेतली एक ग्रॅम वाफ बर्फावर पाणी होऊन बसली, तर तेवढ्या उष्णतेत सुमारे साडेसात ग्रॅम बर्फ वितळतो.

हे गणित जमणं गरजेचं आहे, कारण ढिगाच्या पाण्यातून रस्त्यावरचं, बर्फ वितळवण्यासाठी टाकलेलं मीठ आणि तेलही वाहत येतं. त्यातलं मीठ आधी निघून जातं. ढीग अजून उंच दिसत असतो, तेव्हाच सर्वांत खारं पाणी नाल्याला लागलेलं असतं.