बटण किती वेळ दाबलं?

एकच बटण. थोडं दाबलं की दिवा लागतो किंवा विझतो, दाबून धरलं की सेटिंग उघडतं, दोनदा पटकन दाबलं की तिसरंच काही. वापरणाऱ्याला यात विशेष वाटत नाही. मायक्रोकंट्रोलरचा, म्हणजे यंत्रातल्या एका चिपवरच्या छोट्या संगणकाचा, प्रोग्राम लिहिणाऱ्याची मात्र नेमकी इथेच पहिली दमछाक होते, कारण बटण हा त्याला ‘चालू-बंद’ प्रकार वाटत असतो. प्रत्यक्षात त्याला मोजायची असते वेळ, आणि तीही बाकीची सगळी कामं चालू ठेवून.

सुरुवात तारांपासून करू. ब्रेडबोर्डवर बसणारं ६ × ६ मिलिमीटरचं छोटं बटण चार पायांचं असतं, पण त्यातले दोन-दोन पाय आतून कायमचे जोडलेले असतात. चुकून जोडलेल्याच जोडीवर तारा लावल्या तर बटण सतत दाबलेलं दिसतं. समोरासमोरच्या कोपऱ्यांवरचे, म्हणजे तिरपे पाय घेतले की ही चूक होऊच शकत नाही. एक पाय ग्राउंडला, दुसरा पिनला, आणि पिनचा आतला पुल-अप, म्हणजे बटण सुटलेलं असताना पिनला १ वर ओढून धरणारा रेझिस्टर, चालू. आर्डुइनो उनो या बोर्डवरच्या एटीमेगा ३२८पी चिपमध्ये हा पुल-अप २० ते ५० किलोओहमचा असतो. पुल-अप विसरलात तर पिन अधांतरी राहते आणि नुसता हात जवळ नेला तरी वाचन बदलतं. ईएसपी३२ ही दुसरी चिप वापरत असाल तर ३४ ते ३९ या पिनांना आतला पुल-अप नाहीच; तिथे १० किलोओहमचा रेझिस्टर बाहेरून लावावा लागतो. बटण लांब तारेच्या टोकाशी असेल तर आतला पुल-अप फार कमजोर पडतो, शेजारच्या मोटरची किंवा रिलेची खरखर तारेत शिरते. अशा वेळी बाहेरून १ ते ४.७ किलोओहम लावलेला बरा.

या जोडणीत बटण दाबलं की पिन ० वाचते आणि सोडलं की १. उलटं वाटतं, पण हीच रूढ पद्धत आहे. प्रोग्राममध्ये वाचल्या-वाचल्या ते उलटवून ‘दाबलेलं’ आणि ‘सुटलेलं’ अशी नावं द्यावीत, नाहीतर पुढे प्रत्येक अटीपाशी डोकं खाजवत बसावं लागतं.

आता खरी भानगड. बटणाच्या आत धातूची छोटी पत्री असते. ती खाली आपटते, उसळते, पुन्हा आपटते आणि मग स्थिरावते. चांगल्या बटणात हा खेळ एखाद-दोन मिलिसेकंदांत आटोपतो, जुन्या किंवा स्वस्त बटणात दहाच्या पुढेही जातो. आपल्या बोटाला त्याची खबरही नसते. पण १६ मेगाहर्ट्झवर चालणाऱ्या चिपसाठी एक मिलिसेकंद म्हणजे घड्याळाचे १६,००० ठोके. तिला ते एक दाबणं दिसत नाही; चार, सात, कधी अकरा दाबणी दिसतात. दिवा कधी लागतो, कधी लागत नाही, आणि दोष बिचाऱ्या दिव्याला जातो.

यावर पहिला सुचणारा उपाय म्हणजे ‘डिले’: बदल दिसला की ५० मिलिसेकंद थांबा आणि पुन्हा वाचा. एलईडी एकच असेल तोवर चालून जातं. मग दाबून धरल्याची वेळ मोजायची म्हणून लोक ‘बटण सुटेपर्यंत फिरत राहा’ असा आतला लूप लिहितात, आणि तेवढा वेळ डिस्प्ले गोठतो, मोटर जिथल्या तिथे चालू राहते, सेन्सर वाचले जात नाहीत. बोट बटणावर असेपर्यंत सगळं यंत्र ओलीस. बटणाच्या कामात थांबायचंच नाही, एवढा एक नियम पाळला तर निम्म्या अडचणी उभ्याच राहत नाहीत. मुख्य लूपच्या, म्हणजे सतत फिरत राहणाऱ्या प्रोग्रामच्या, प्रत्येक फेरीत क्षणभर पिन पाहायची, घड्याळ पाहायचं, नोंद करायची आणि पुढे जायचं.

घड्याळ म्हणजे ‘मिलिस’ हे फंक्शन, बोर्ड चालू झाल्यापासूनचे मिलिसेकंद सांगणारं. त्यावर बेतलेला सांगाडा असा:

आता = मिलिस
कच्चं = पिनचं वाचन
जर कच्चं ≠ मागचं_कच्चं, तर
— बदलाची_वेळ = आता; मागचं_कच्चं = कच्चं
जर (आता − बदलाची_वेळ ≥ २०) आणि कच्चं ≠ पक्कं, तर
— पक्कं = कच्चं
— पक्कं ‘दाबलेलं’ झालं असेल, तर दाबाची_वेळ = आता; लांब_झालं = नाही
— पक्कं ‘सुटलेलं’ झालं असेल आणि लांब_झालं = नाही, तर छोट्या दाबाचं काम करा
जर पक्कं = दाबलेलं, लांब_झालं = नाही आणि (आता − दाबाची_वेळ ≥ ८००), तर
— लांब_झालं = होय; लांब दाबाचं काम करा

आकडे घालून बघू. १००० व्या मिलिसेकंदाला पत्री पहिल्यांदा टेकली. १००१ ला उसळली, १००२ ला टेकली, १००३ ला पुन्हा उसळली, १००४ ला स्थिरावली. प्रत्येक उसळीला ‘बदलाची_वेळ’ नव्याने लिहिली जाते, म्हणून २० मिलिसेकंदांची मोजणी १००४ पासून सुरू होते आणि १०२४ ला दाब पक्का ठरतो. बोट ११५० ला उचललं, थरथर ११५२ ला संपली, तर सुटणं ११७२ ला पक्कं. प्रोग्रामच्या हिशेबाने बटण १४८ मिलिसेकंद दाबलेलं होतं, खरं तर १५०. दोन्ही टोकांना जवळपास सारखाच उशीर होत असल्यामुळे तो वजाबाकीत निघून जातो. त्यामुळे गाळणीचा, म्हणजे उसळ्या गाळणारा हा, अवधी २० ऐवजी ३० केला म्हणून लांब-छोट्याचा हिशेब बिघडत नाही. फक्त प्रतिसाद १० मिलिसेकंदांनी मागे पडतो, आणि तेवढं कुणाला जाणवत नाही. १०० च्या वर मात्र नेऊ नका. चपळ बोटाची टिचकी तेवढ्यात संपलेली असते आणि ती गाळणीतच अडकते.

सांगाड्यातली ‘लांब_झालं’ ही खूण क्षुल्लक दिसते, पण सगळ्यात जास्त वेळा विसरली जाते ती हीच. ती नसेल तर ८०० मिलिसेकंदांनंतरच्या प्रत्येक फेरीत लांब दाबाचं काम होत राहतं, आणि वर बोट उचललं की छोट्या दाबाचंही होतं: सेटिंग उघडलं आणि दिवाही विझला.

लांब दाबाचं काम बोट उचलल्यावर करावं की अवधी भरताक्षणी? शक्यतो भरताक्षणी. माणसाला ८०० मिलिसेकंद मोजता येत नाहीत. काहीतरी घडलेलं दिसलं की तो बोट उचलतो. उचलल्यावरच काम होणार असेल तर तो बिचारा अंदाजाने दाबून धरतो. पण लांब दाबाचे दोन टप्पे असतील, समजा १ सेकंदाला सेटिंग आणि ५ सेकंदांना सगळं पुसणं, तर पहिल्या टप्प्याला नुसता एलईडी लुकलुकवावा आणि काय करायचं ते बोट उचलताना ठरवावं. नाहीतर पुसायला निघालेल्याला वाटेत सेटिंगमधून जावं लागतं. विध्वंसक कामांना अवधी मोठाच हवा. संगणकाचं पॉवर बटण ४ सेकंद दाबून धरलं की तो सक्तीने बंद होतो, तो आकडा एसीपीआय या संगणकाच्या वीज-व्यवस्थापनाच्या मानकातच ठरवून दिलेला आहे.

दोनदा दाबण्याची किंमत आधी समजून घ्यावी. पहिला दाब सुटल्यावर दुसरा येतो का, याची साधारण ३०० मिलिसेकंद वाट पाहावी लागते, आणि तोवर एकेरी दाबाचं काम करता येत नाही. म्हणजे एकेरी दाब कायमचा ३०० मिलिसेकंदांनी आळशी होतो. विंडोजमध्ये माउसच्या डबल-क्लिकसाठी मूळ अवधी ५०० मिलिसेकंदांचा असतो, तरी तिथे एका क्लिकला फाइल लगेच निवडली जाते. दुसरी क्लिक आली तर ती उघडते. पहिलं काम दुसऱ्याच्या वाटेतच पडतं, म्हणून थांबावं लागत नाही. आपल्या यंत्रात अशी रचना जमत असेल तर उत्तम, नसेल तर दुसरं बटण लावा. एका बटणावर पाच कामं लादणं ही हौस आहे, सोय नाही.

आकडा वाढवण्या-कमी करण्यासाठी बटण दाबून धरायचं असेल तर पहिल्या दाबाला एकने वाढवा, मग ५०० मिलिसेकंद थांबा, त्यानंतर दर १५० ला एक. दहा वाढींनंतर पायरी दहाची केली की ० ते २०० जाताना बोट दुखत नाही.

आता वेळेच्या हिशेबातले सापळे. उनोवर ‘इंट’ हा पूर्णांक साठवण्याचा प्रकार १६ बिटांचा असतो, ३२,७६७ पर्यंतच मोजणारा. दाबाची वेळ त्यात साठवली तर पहिली ३२ सेकंदं सगळं छान चालतं. मग ४०,००० व्या मिलिसेकंदाला बटण दाबलं की साठतात उणे २५,५३६, आणि ४०,००० मधून ते वजा केल्यावर येतात ६५,५३६. बोट टेकताक्षणी लांब दाब! चाचणी करणारा अर्ध्या मिनिटात ‘चाललं’ म्हणून उठलेला असतो. त्यातून हाच प्रोग्राम ईएसपी३२ वर नीट चालतो, कारण तिथला ‘इंट’ ३२ बिटांचा, आणि गोंधळ अजूनच वाढतो. वेळ नेहमी ‘अनसाइन्ड लाँग’ या ३२ बिटांच्या, उणे चिन्ह नसलेल्या प्रकारातच ठेवायची.

तोही ४,२९,४९,६७,२९५ वर संपतो आणि पुन्हा ० पासून सुरू होतो, सुमारे ४९.७ दिवसांनी. याला घाबरून दर महिन्याला बोर्ड रीसेट करण्याची गरज नाही. वजाबाकी बरोबर लिहिली की पुरतं. सुरुवात ४,२९,४९,६७,२९० ला झाली आणि आता घड्याळ १४ दाखवतंय, तर चिन्हाशिवायची वजाबाकी बरोबर २० देते. बेरीज करून मुदत काढलीत, म्हणजे ‘आता ≥ सुरुवात + २०’ असं लिहिलंत, तर मुदत येते १४, आणि पुढच्याच मिलिसेकंदाचा ४,२९,४९,६७,२९१ हा आकडा त्याहून मोठा असल्याने अट तिथल्या तिथे खरी ठरते. गाळणी त्या क्षणापुरती नाहीशी.

‘बरोबर ८०० झाले का’ असंही विचारू नये. उनोचं घड्याळ दर १.०२४ मिलिसेकंदांनी पुढे सरकतं आणि साचलेला फरक भरून काढायला साधारण दर ४२ मिलिसेकंदांनी एक आकडा गाळून उडी मारतं. तो गाळलेला आकडा तुमचा ८०० निघाला की लांब दाब गायब. म्हणून ‘८०० किंवा जास्त’.

हे सगळं लूप झरझर फिरतो या भरवशावर उभं आहे. डीएस१८बी२० हा तापमानाचा सेन्सर १२ बिटांच्या वाचनाला ७५० मिलिसेकंदांपर्यंत घेतो. लायब्ररी तेवढा वेळ थांबून राहिली तर मधली १०० मिलिसेकंदांची टिचकी कुणी पाहिलीच नाही. उपाय दोन. एक, सेन्सरला काम सांगून पुढे जाणं आणि वेळ भरल्यावर उत्तर आणायला जाणं. दुसरा, टायमरच्या इंटरप्टमध्ये, म्हणजे चालू काम मधेच थांबवून चालणाऱ्या छोट्या तुकड्यात, दर ५ मिलिसेकंदांनी पिन वाचणं आणि शेवटची आठ वाचनं एका बाइटमध्ये सरकवत ठेवणं: आठही ‘दाबलेलं’ म्हणाली की दाब पक्का. बटणाच्या पिनलाच इंटरप्ट जोडण्याचा मोह टाळावा, कारण प्रत्येक उसळी एक इंटरप्ट देते. झोपलेल्या चिपला जागं करायला तो ठीक आहे, पण गाढ झोपेत ‘मिलिस’चं घड्याळही बंद पडतं हे लक्षात असू द्या. इंटरप्टमध्ये लिहिलेलं व्हेरिएबल ‘व्होलाटाइल’ हवं, म्हणजे ते दरवेळी नव्याने वाचलं जातं. शिवाय ८ बिटांची चिप चार बाइटांची वेळ तुकड्या-तुकड्यांनी वाचते, म्हणून वाचताना क्षणभर इंटरप्ट बंद ठेवावा. नाहीतर अर्धी जुनी, अर्धी नवी वेळ हाती लागते, तीही महिन्यातून एकदा.

एक गमतीशीर चकवा म्हणजे सीरियलवर, म्हणजे संगणकाकडे जाणाऱ्या तारेवर, मजकूर छापणं. ९६०० बॉडला (सेकंदाला ९६०० बिटांच्या वेगाला) एक अक्षर जायला जवळपास एक मिलिसेकंद लागतो. प्रत्येक फेरीत २० अक्षरं छापलीत की बफर, म्हणजे पाठवायच्या अक्षरांचा तात्पुरता साठा, भरतो आणि लूप २० मिलिसेकंदांच्या चालीने रांगू लागतो. पत्रीची थरथर दोन वाचनांच्या मधेच विरून जाते. चाचणीत बटण झकास चालतं, छापायच्या ओळी काढल्या की बिघडतं. छापायचंच तर फक्त पक्का बदल झाल्यावर छापा.

बोर्ड चालू होताना बटण आधीच दाबलेलं असू शकतं: काहीतरी टेकलेलं, किंवा अडकलेलं. म्हणून ‘पक्कं’ची सुरुवातीची किंमत पिन वाचूनच भरा आणि ‘लांब_झालं’ला ‘होय’ द्या. मग ते बटण एकदा सुटून पुन्हा दाबलं जाईपर्यंत काहीच घडत नाही.

आणि ४९.७ दिवसांची चाचणी करायला तेवढे दिवस बसावं लागत नाही. ‘मिलिस’ थेट न वापरता स्वतःचं ‘वेळ’ नावाचं फंक्शन लिहा, त्यात ‘मिलिस’मध्ये ४,२९,४९,६०,००० मिळवा आणि सगळीकडे तेच वापरा. घड्याळ चालू केल्यावर सव्वासात सेकंदांनी शून्यावर येतं. सहाव्या सेकंदाला बटण दाबा, नवव्याला सोडा, आणि यंत्राने किती वेळ मोजली ते पाहा.