पहिल्या पेल्याचे अंतर

हैतीमधील सँ-मार्क या किनारी गावातल्या इस्पितळाच्या नोंदवहीत २० ऑक्टोबर २०१० या एका तारखेखाली ४०४ रुग्णांची भरती आणि ४४ मृत्यू नोंदलेले आहेत. म्हणजे दिवसभर आणि रात्रभर साधारण दर साडेतीन मिनिटांनी एक रुग्ण दारात येत होता. बहुतेकांना तांदळाच्या धुवणासारखे पांढुरके जुलाब होत होते, डोळे खोल गेले होते, हातापायांत गोळे येत होते आणि नाडी हाताला लागत नव्हती. त्या देशात किमान शंभर वर्षांत कॉलऱ्याची नोंद नव्हती, त्यामुळे तिथल्या डॉक्टरांनी आणि परिचारिकांनी हा आजार केवळ पुस्तकात वाचलेला होता. दोन दिवसांत निदान पक्के झाले. एका महिन्यात साथ देशाच्या दहाही प्रांतांत पोहोचली आणि पुढच्या आठ-नऊ वर्षांत सुमारे ८ लाख २० हजार लोक आजारी पडले, जवळजवळ १० हजार दगावले.

नोंदवहीतले हे ४४ जण निदान इस्पितळापर्यंत तरी पोहोचले होते. आर्तिबोनित खोऱ्यातील भातशेतीच्या वस्त्यांमधून आणि त्यामागच्या डोंगरातून निघालेले कितीतरी रुग्ण वाटेतच संपले. कॉलऱ्याच्या तीव्र रुग्णाच्या शरीरातून तासाला एक लिटरपर्यंत पाणी जाऊ शकते. सकाळी धडधाकट असलेला माणूस संध्याकाळपर्यंत मरू शकतो. अशा आजारात चार तासांची पायपीट करून गाठायचे इस्पितळ, ते कितीही सुसज्ज असले तरी, उपयोगाचे नसते. मीठ-साखरेच्या पाण्याचा पहिला घोट घराजवळ मिळतो की नाही यावर जीव वाचणे अवलंबून असते, आणि तो घोट देण्यासाठी डॉक्टरची पदवी लागत नाही. हैतीच्या साथीत रेड क्रॉसच्या आणि गावोगावच्या स्वयंसेवकांनी, ज्यांत तरुणांचा मोठा भरणा होता, जे काम केले त्यामागे हेच विज्ञान आहे.

साथ आली कुठून, हे आता स्पष्ट आहे. जानेवारी २०१०च्या भूकंपानंतर हैतीत संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेची संख्या वाढली होती आणि मिरबाले गावाजवळच्या छावणीत नेपाळहून आलेली तुकडी राहत होती. छावणीचे सांडपाणी एका ओढ्यात गेले, ओढा आर्तिबोनित नदीला मिळतो, आणि देशातल्या या सर्वांत मोठ्या नदीचे पाणी कालव्यांनी भातखाचरांत खेळवलेले असते. शेतात राबणारी माणसे तहान लागली की तेच पाणी पीत. रेनो पियारू या फ्रेंच साथरोगतज्ज्ञाच्या पाहणीने हा मार्ग दाखवला, पुढे जिवाणूंच्या जनुकीय तपासणीत नेपाळमधील जिवाणूंशी साधर्म्य आढळले, आणि डिसेंबर २०१६मध्ये संयुक्त राष्ट्रांचे महासचिव बान की-मून यांनी हैतीच्या जनतेची माफी मागितली. सहा वर्षे उशिरा आलेली माफी पुरेशी नाही, असे मला वाटते. परंतु साथ पसरण्याचे दुसरे कारणही तितकेच खरे आहे. बहुसंख्य ग्रामीण घरांना ना सुरक्षित संडास होता, ना शुद्ध पाणी. ही सोय असती तर नदीत पडलेले जिवाणू नदीतच राहिले असते.

आता शरीरात काय घडते ते पाहू. कॉलऱ्याचा जिवाणू लहान आतड्याच्या आतल्या अस्तराला चिकटतो आणि एक विष सोडतो. हे विष पेशींमधला एक संदेश सतत चालू ठेवते; त्यामुळे पेशी क्लोराइड बाहेर टाकत राहतात, त्यामागे सोडियम आणि पाणी जाते, आणि आतडे नळ उघडा राहिल्यासारखे वाहू लागते. अस्तर मात्र फाटत नाही, पेशी मरत नाहीत. मुख्य म्हणजे त्याच पेशींवर असलेले एक वेगळे दार विषाच्या तडाख्यातून सुटलेले असते. हे दार मीठ आणि साखर दोन्ही एकदम आली तरच उघडते: ग्लुकोजच्या एका रेणूबरोबर सोडियमचे दोन कण आत जातात आणि त्यांच्या मागोमाग पाणी शरीरात शिरते. नुसते पाणी पाजले तर ते आतड्यातून वाहून जाते, नुसत्या मिठाच्या पाण्याने जुलाब वाढतात. दोन्ही योग्य प्रमाणात दिली तर गळक्या आतड्यातूनही शरीर पाणी ओढून घेते. जुलाब लगेच थांबत नाहीत, परंतु रुग्ण सुकत नाही, आणि कॉलरा मारतो तो सुकवूनच.

रॉबर्ट क्रेन यांनी १९६०मध्ये मांडलेल्या या जोड-वाहतुकीच्या कल्पनेतून पुढे मुखावाटे पाणी भरण्याचा उपचार उभा राहिला. १९६८मध्ये ढाक्यात डेव्हिड नलिन आणि रिचर्ड कॅश या विशी-तिशीतल्या डॉक्टरांनी कॉलऱ्याच्या रुग्णांवर तो यशस्वी करून दाखवला. तरीही इस्पितळाबाहेर, अशिक्षित नातेवाइकांच्या हाती तो सोपवणे धोक्याचे आहे, असेच वैद्यकविश्व मानत होते. ही समजूत मोडली ती १९७१मध्ये, पश्चिम बंगालमधल्या बनगावला. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या सुमारे साडेतीन लाख निर्वासितांच्या त्या परिसरात एका छोट्या इस्पितळातल्या दोन खोल्या आणि सोळा खाटा एवढीच सोय होती. रुग्ण जमिनीवर मलमूत्रात पडलेले होते आणि शिरेतून द्यायचे सलाइन संपत आले होते. डॉ. दिलीप महालनबीस यांनी कोलकात्यात ग्लुकोज, मीठ आणि खायचा सोडा मोजून प्लास्टिकच्या पिशव्यांत सीलबंद करून घेतले, बनगावला पिंपात पाण्यात मिसळले आणि ते पाजण्याचे काम रुग्णाच्या आईवर, भावावर, शेजाऱ्यावर सोपवले. कॉलऱ्याने मरणाऱ्यांचे प्रमाण आधी तीस टक्क्यांच्या घरात होते. त्यांच्या देखरेखीखालच्या रुग्णांमध्ये ते ३.६ टक्क्यांवर आले. महालनबीस ऑक्टोबर २०२२मध्ये गेले आणि त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळाले. आपण ज्याला ओआरएस किंवा जलसंजीवनी म्हणतो त्याची खरी परीक्षा त्या चिखलात झाली.

हैतीत याच अनुभवाचा आधार घेऊन उपचाराची तीन पायऱ्यांची उतरंड रचली गेली. सर्वांत वर शिरेतून सलाइन देणारी मोठी केंद्रे, मध्ये लहान केंद्रे आणि तळाशी वस्तीवस्तीतले जलसंजीवनी केंद्र. तळाच्या केंद्रात असते तरी काय? एखादी ताडपत्री किंवा शाळेची पडवी, झाकणाची बादली, पेले, जलसंजीवनीची पाकिटे, क्लोरीन, हात धुण्यासाठी तोटीचे भांडे आणि दिवसरात्र आळीपाळीने थांबणारी दोन-चार माणसे. हैतीच्या क्रिओल भाषेत जलसंजीवनीला ‘सेवोम ओराल’, म्हणजे तोंडाने घ्यायचे सलाइन, असे म्हणतात. सलाइन लावल्याशिवाय उपचार झाला असे ज्यांना वाटत नाही, अशा आपल्याकडच्या रुग्णांनाही हे नाव पटावे.

अशा केंद्रावरच्या तरुणाला पहिल्यांदा शिकायचे असते ते बघणे. पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडली की ती लगेच सपाट होते की वळी तशीच राहते. डोळे खोल गेले आहेत का. जीभ कोरडी आहे का. मूल पेला पाहून अधाशासारखे झेपावते की मान टाकून पडले आहे. पिऊ शकणाऱ्या रुग्णाला जागेवरच पाजायचे. ज्याला गुंगी आहे, जो पिऊ शकत नाही, ज्याची नाडी लागत नाही, त्याला क्षणाचाही वेळ न दवडता वरच्या केंद्रात न्यायचे, कारण त्याला शिरेतूनच द्रव लागतो. आणि नेतानाही, घोट घेता येत असेल तर, पाजणे चालू ठेवायचे. ही एक सीमारेषा स्वयंसेवकाला नीट कळली की त्याच्या हातून होणाऱ्या चुकांपैकी सर्वांत जीवघेणी चूक टळते.

त्यानंतरचे काम चिकाटीचे आहे. मध्यम सुकलेल्या रुग्णाला पहिल्या चार तासांत वजनाच्या दर किलोमागे सुमारे ७५ मिलिलिटर द्यायचे, म्हणजे दहा किलोच्या मुलाला पाऊण लिटर, तेही चमच्याचमच्याने. मुलाला उलटी झाली की आई घाबरून थांबते; तिथे शेजारी बसून दहा मिनिटे वाट पाहायची आणि मग पुन्हा, आणखी सावकाश, सुरुवात करायची. पुढे दर जुलाबामागे दोन वर्षांखालच्या बाळाला ५० ते १०० मिलिलिटर आणि त्याहून मोठ्या मुलाला त्याच्या दुप्पट. अंगावरचे दूध तोडायचे नाही, जेवण बंद करायचे नाही. डॉक्टरकडे शंभर रुग्ण असताना एका मुलाशेजारी चार तास चमचा घेऊन बसायला त्याच्याजवळ वेळ नसतो. गावातल्या विशीतल्या मुलीजवळ किंवा मुलाजवळ तो असतो, आणि या आजारात औषधाइतकीच त्या वेळेची गरज आहे.

पाकीट ही वरवर साधी वस्तू आहे, पण तिच्यात चूक करायला पुष्कळ वाव आहे. आजच्या प्रमाणित पाकिटातली साडेवीस ग्रॅम पूड बरोबर एक लिटर पाण्यासाठी असते. आपल्या गावांतही अनेकदा दिसते की आई पाकीट थोडे थोडे पेल्यात टाकते, किंवा सगळे पाकीट एका तांब्यात ओतते. घट्ट झालेले द्रावण उलट आतड्यात पाणी ओढते आणि रक्तातले मीठ वाढवते. म्हणून शिकवताना तोंडी सांगून भागत नाही. घरातलेच भांडे घ्यायचे, लिटरच्या बाटलीने ते मोजायचे, पाण्याची पातळी जिथे येते तिथे खूण करायची आणि आईकडूनच एकदा ढवळून घ्यायचे. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात साखरेचे सहा सपाट चहाचे चमचे आणि मिठाचा अर्धा चमचा. चव अश्रूंपेक्षा खारट लागली तर ते टाकून द्यायचे.

केंद्राभोवतीचे दुसरे काम क्लोरीनचे. एकच पावडर, पण द्रावणे निरनिराळी: हात धुण्यासाठी ०.०५ टक्के, जमीन पुसण्यासाठी ०.५ टक्के, मलमूत्र आणि मृतदेहासाठी २ टक्के. बादल्यांची अदलाबदल झाली तर एकीकडे हातांची सालपटे निघतात आणि दुसरीकडे जंतू जिवंत राहतात, म्हणून बादलीवरची खूण हीसुद्धा उपचाराचाच भाग असते. रुग्णाच्या घरी लवकर जाण्यामागेही एक कारण आहे. माणसाच्या आतड्यातून नुकतेच बाहेर पडलेले कॉलऱ्याचे जिवाणू पुढचे काही तास, पाण्यात मुरलेल्या जिवाणूंपेक्षा, कितीतरी सहज दुसऱ्याला आजारी पाडतात. त्यामुळे पहिला धोका घरातल्यांना आणि शेजाऱ्यांना असतो. हैतीत २०१३पासून फिरती पथके रुग्ण कळल्यापासून दोन दिवसांच्या आत त्याच्या घरी आणि आसपासच्या घरांत जाऊन पाणी शुद्ध करू लागली, आणि जिथे ती लवकर पोहोचली तिथे स्थानिक उद्रेक लवकर आटोपले. पावसाळ्यात गॅस्ट्रोची साथ आली की महाराष्ट्रातल्या ग्रामपंचायतीत टीसीएल (क्लोरीनची) पावडर आणि पाण्यात क्लोरीन उरले आहे का हे पाहणाऱ्या ओटी चाचणीची धावपळ सुरू होते, तिचे शास्त्र हेच आहे. फक्त आपल्याकडे ती बरेचदा पहिल्या मृत्यूनंतर सुरू होते, याची मला खंत वाटते.

हैतीतल्या स्वयंसेवकांना सर्वांत कठीण गेले असेल ते लोकांच्या मनातले भय. सँ-मार्कमध्ये २६ ऑक्टोबर २०१०ला उभ्या राहत असलेल्या उपचारकेंद्राच्या तंबूंवर जमावाने दगडफेक केली, कारण केंद्र आले की रोगही येईल अशी लोकांची समजूत झाली होती. वर्षअखेरीपर्यंत, जादूची पूड टाकून कॉलरा पसरवल्याच्या संशयावरून, सरकारी माहितीनुसार किमान ४५ जणांना जमावाने ठार केले. त्यांत बरेचसे वूडू धर्माचे पुजारी होते. अशा हवेत पांढरी पावडर घेऊन विहिरीवर जाणे हे जोखमीचे काम आहे. बाहेरून जीपमधून आलेल्या माणसाला ते जमणार नाही. जो त्याच वाडीचा आहे, ज्याच्या आजीला सगळे ओळखतात, तो आधी आपल्या पेल्यात क्लोरीनचे पाणी घेऊन सगळ्यांसमोर पितो, तेव्हा लोक ऐकतात. गावकऱ्यांच्या या विश्वासाला मी उपचाराच्या साहित्यात धरतो, पाकिटाच्या आणि बादलीच्या शेजारी.

एप्रिल २०१२मध्ये आर्तिबोनितच्या भातशेतीच्या बोकोझेल भागात तोंडाने घ्यायची कॉलऱ्याची लस दिली गेली. ती ‘शँकोल’ हैदराबादला तयार झालेली होती आणि तिची मोठी चाचणी कोलकात्याच्या वस्त्यांत झाली होती. दोन आठवड्यांच्या अंतराने दोन मात्रा, रस्ते नसलेल्या खाचरांतून, शीतपेट्या डोक्यावर आणि होडीत वाहून नेत. तरी पहिली मात्रा घेतलेल्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक लोकांनी दुसरीही घेतली. घरोघर यादी करणारी गावातलीच माणसे नसती तर हे घडले नसते. लसीने पुढे सुमारे साठ टक्के संरक्षण दिल्याचे दिसले. साठ टक्के म्हणजे शंभर टक्के नव्हे, हे लक्षात ठेवूनच पाणी आणि संडास यांचे काम लसीबरोबर चालवावे लागते, आणि स्वयंसेवक कितीही असले तरी जलवाहिनी आणि मलनिस्सारण त्यांच्या हातचे नाही. ते सरकारचेच काम आहे.

२०१९च्या सुरुवातीनंतर तीन वर्षांहून अधिक काळ हैतीत कॉलऱ्याचा एकही पक्का रुग्ण नव्हता. मग २ ऑक्टोबर २०२२ला तो पुन्हा आढळला. त्या वेळी राजधानीतला इंधनाचा मुख्य साठा सशस्त्र टोळ्यांनी अडवला होता, त्यामुळे पाण्याचे टँकर थांबले, रुग्णवाहिका थांबल्या आणि काही इस्पितळांना आपले काम आवरते घ्यावे लागले. घरातून चालत जाऊन गाठता येईल अशा ठिकाणी झाकलेली बादली, पाकिटे आणि ती कालवून पाजणारे कोणीतरी असणे, एवढाच उपचार पुष्कळ वस्त्यांमध्ये त्या आठवड्यांत शक्य होता.