सूर्याचे महिने, चंद्राच्या तिथी : बंगालमधील सण-व्रतांची पार्श्वभूमी

बंगालमधील हिंदू घरांतले सण आणि उपवास दोन वेगळ्या कालगणनांवर चालतात, आणि हे ध्यानात घेतल्याशिवाय तिथल्या सणवारांचा क्रम मराठी वाचकाला सहजी उलगडत नाही. आपला महिना अमावास्येला संपतो आणि सणही त्याच चांद्रमासाच्या तिथीवर पडतो, त्यामुळे आपल्याकडे महिना आणि तिथी यांची फारकत सहसा जाणवत नाही. बंगालमध्ये मात्र व्यवहाराचे महिने सौर आहेत. सूर्य एका राशीतून दुसऱ्या राशीत गेला की महिना पालटतो आणि संक्रांत मध्यरात्रीपूर्वी झाली की नंतर झाली, यावरून पहिली तारीख ठरते. महिन्यांची नावे वैशाख, ज्येष्ठ, आषाढ अशी ओळखीचीच असली तरी त्यांचे दिवस २९ ते ३२ पर्यंत कमीजास्त होतात. या सौर महिन्यांवर चंद्राच्या तिथी स्वतंत्रपणे सरकत असतात, म्हणून आश्विन शुद्ध सप्तमीला सुरू होणारी दुर्गापूजेची मुख्य पूजा एखाद्या वर्षी बंगाली कार्तिकातही येते.

या रचनेतून सणांचे दोन गट आपोआप पडले. संक्रांत हा तिथे महिन्याचा अखेरचा दिवस. चैत्र संक्रांतीला गाजन आणि चडक हे शिवभक्तांचे उत्सव, भाद्र संक्रांतीला विश्वकर्मा पूजा, पौष संक्रांतीला पिठे नावाची तांदळाची पक्वान्ने आणि गंगासागरचे स्नान, हे सारे सूर्याचे सण असल्याने इंग्रजी तारखेप्रमाणे जवळजवळ स्थिर राहतात. कारखाने, छापखाने आणि रिक्षांच्या अड्ड्यांवर होणारी विश्वकर्मा पूजा बहुतेक वर्षी १७ सप्टेंबरलाच येते, ती यामुळेच. दुर्गापूजा, कोजागरी लक्ष्मीपूजा, दिवाळीच्या अमावास्येच्या मध्यरात्रीची कालीपूजा, भाऊफोंटा म्हणजे भाऊबीज, माघ शुद्ध पंचमीची सरस्वतीपूजा आणि होळीच्या सुमाराची दोल पौर्णिमा हे तिथीचे सण असून दरवर्षी मागेपुढे होतात.

एका सौर महिन्यात दोन अमावास्या आल्या की मलमास, म्हणजे अधिक महिना, येतो आणि पूजा पुढे ढकलल्या जातात. २०२० मध्ये महालया, म्हणजे पितृपक्षाची अमावास्या, १७ सप्टेंबरला झाली आणि दुर्गाषष्ठी थेट २२ ऑक्टोबरला आली. पितृपक्ष संपून देवीचे आगमन होईपर्यंत एरवी आठवडाभरही जात नाही, त्या वर्षी पस्तीस दिवस गेले, कारण मध्ये मल-आश्विन आला होता.

बंगाब्द या वर्षगणनेच्या उगमाबद्दल दोन मते आहेत. एक मत ती सातव्या शतकाच्या आरंभी गौडावर राज्य करणाऱ्या शशांकाकडे नेते, कारण बंगाब्दाचे शून्य वर्ष इसवी सन ५९३-९४ च्या आसपास पडते. दुसरे मत अकबराच्या महसुली सुधारणेकडे बोट दाखवते. हिजरी वर्ष चांद्र असल्यामुळे पिकांच्या हंगामाशी त्याचा मेळ बसत नसे आणि शेतकऱ्याच्या हाती धान्य येण्याआधीच सारा भरण्याची वेळ येई. यावर उपाय म्हणून १५८४ मध्ये फतेहउल्ला शिराझीने आखलेली सौर गणना अमलात आली आणि तिचा आरंभ अकबराच्या राज्यारोहणापासून, म्हणजे १५५६ पासून धरला गेला. ते वर्ष हिजरी ९६३ होते. १५५६ मधून ९६३ वजा केले की ५९३ उरतात, आणि आजही इसवी सन व बंगाब्द यांतले अंतर तेवढेच आहे. आकड्यांचा हा मेळ पाहता मला दुसरे मत अधिक सबळ वाटते, मात्र सौर महिने आणि संक्रांतीचे विधी बंगालात त्याआधीपासून चालत होते, हेही तितकेच खरे. पोइला बैशाखला, म्हणजे बंगाली नववर्षाच्या पहिल्या दिवशी, व्यापाऱ्यांनी लक्ष्मी-गणेशापुढे नवी वही उघडायची, गिऱ्हाइकाने मागची उधारी चुकती करून मिठाई घ्यायची, ही हालखात्याची रीत या महसुली वर्षाशी जोडलेली आहे.

व्रत कोणत्या दिवशी धरायचे, हा निर्णय मात्र राजसत्तेचा कधीच नव्हता, तो स्मृतिकारांचा होता. जीमूतवाहनाच्या ‘कालविवेका’त याची चर्चा आहे आणि सोळाव्या शतकात नवद्वीपच्या रघुनंदन भट्टाचार्यांनी तिला पक्के रूप दिले. त्यांच्या अठ्ठावीस ‘तत्त्वां’पैकी तिथितत्त्व, मलमासतत्त्व, एकादशीतत्त्व आणि दुर्गोत्सवतत्त्व यांनी बंगाली हिंदूंचे वर्ष आखून दिले. तिथी दोन दिवसांत विभागली गेली असेल तर कोणता दिवस धरावा, कोणत्या व्रताला अमावास्येला संपणारा अमान्त महिना घ्यावा आणि कोणत्याला पौर्णिमेला संपणारा पौर्णिमान्त, हे त्यात इतक्या बारकाईने सांगितले आहे की पुढची कित्येक शतके पंडितांनी तोच आधार मानला.

या शास्त्राची सर्वांत जड किंमत बंगालच्या विधवांनी मोजली. महाराष्ट्रात एकादशी वारकऱ्यांची आहे, स्त्री-पुरुष दोघेही ती करतात. बंगालमध्ये वैष्णव सोडले तर एकादशी ही मुख्यतः उच्चवर्णीय विधवेवर लादलेली गोष्ट होती, आणि तीही निर्जळी. घरातल्या सधवा त्या दिवशी मासे-भात खात असताना आठ-दहा वर्षांची बालविधवा पाण्याच्या थेंबावाचून राही. आषाढाच्या सात तारखेच्या सुमारास, सूर्य आर्द्रा नक्षत्रात शिरताना येणाऱ्या अंबुवाचीच्या तीन दिवसांत पृथ्वी रजस्वला असते असे मानून शेतकरी नांगर धरत नाही. त्याच दिवसांत विधवेला अग्नीवर शिजलेले काहीही वर्ज्य असे. ईश्वरचंद्र विद्यासागरांच्या प्रयत्नांतून १८५६ मध्ये विधवाविवाहाचा कायदा झाला, परंतु पंचांगातल्या या रकान्यांना कायदा हात लावू शकला नाही आणि अनेक घरांत हे उपवास विसाव्या शतकातही चालू राहिले. ज्या परंपरेबद्दल मी आदराने लिहीत आहे, तिचा हा भाग वगळून तिचा इतिहास सांगणे मला अप्रामाणिक वाटते.

याच्या शेजारी बायकांची स्वतःची व्रते होती, ज्यांना बंगालीत मेयेली व्रत म्हणतात. त्यांना बहुधा भटजी लागत नाही आणि संस्कृत मंत्रही लागत नाही. तांदळाच्या पिठाची आल्पना म्हणजे रांगोळी, एक घट, हातात दूर्वा आणि घरातल्या वडीलधाऱ्या बाईने सांगितलेली व्रतकथा एवढ्यावर ती पार पडतात. वैशाखात कुमारिका अंगणात छोटे तळे खणून पुण्यिपुकुर करतात, अग्रहायणातल्या रविवारी इतू या देवतेची पूजा होते, आषाढात रथयात्रा आणि रथाच्या परतीचा उलटा रथ यांच्या दरम्यानच्या मंगळवारी किंवा शनिवारी विपत्तारिणीचे व्रत करून तेरा गाठींचा लाल दोरा हाताला बांधतात. मुलाबाळांची राखण करणारी षष्ठी तर जवळजवळ वर्षभर निरनिराळ्या नावांनी येते. ज्येष्ठातली जामाईषष्ठी, चैत्रातली अशोकषष्ठी, चैत्र संक्रांतीच्या आदल्या दिवशीची नीलषष्ठी ही त्यांतली ठळक नावे. बाळाच्या जन्मानंतर पाचवी आणि सटवाई पुजणाऱ्या मराठी घराला ही देवता परकी वाटू नये. षष्ठीच्या उपवासात आई भात टाळते आणि फळे, साबुदाणा किंवा लुची म्हणजे मैद्याची पुरी खाते.

भाद्र संक्रांतीचे अरंधन, म्हणजे चूल न पेटवण्याचे व्रत, हे माझ्या मते या लोकव्रतांतले सर्वांत बोलके. आदल्या रात्री जागून सारा स्वयंपाक करायचा, भातात पाणी घालून पांता करायचा, इलिश मासा, अळूची भाजी आणि चालता या फळाची आंबट चटणी झाकून ठेवायची. दुसऱ्या दिवशी चूल सारवून तिच्यापाशी निवडुंगाची फांदी ठेवायची आणि मनसादेवीची पूजा करून थंड अन्नच जेवायचे. पावसात बिळे बुडून साप घरात शिरतात त्या दिवसांतले हे सर्पदेवतेचे व्रत आहे, आणि आपल्या शिळासप्तमीप्रमाणे त्या दिवशी चुलीलाही विश्रांती मिळते.

शास्त्राची आणि लोकाचारातली ही सारी व्रते एका पुस्तकात आली ती छापील पंजिकेमुळे, म्हणजे पंचांगामुळे. गुप्तप्रेस पंजिका १८६९ मध्ये निघाली आणि गुलाबी मुखपृष्ठाच्या अशा पंजिका घरोघर पोहोचल्या. पण त्यांची गणिते सूर्यसिद्धान्त या प्राचीन ज्योतिषग्रंथावरची होती आणि तिथीची त्यांनी दिलेली वेळ प्रत्यक्ष आकाशाशी जुळत नव्हती. हे पाहून माधवचंद्र चट्टोपाध्यायांनी १८९० मध्ये, म्हणजे १२९७ बंगाब्दात, दृक्-गणितावर, म्हणजे प्रत्यक्ष आकाशाशी जुळणाऱ्या गणितावर, आधारलेली विशुद्ध सिद्धान्त पंजिका काढली. महाराष्ट्रात केरो लक्ष्मण छत्रे आणि पुढे लोकमान्य टिळक यांनी ज्या प्रश्नावर वाद घातला, तोच हा प्रश्न.

दोन पंजिकांतला फरक काही तासांचा असतो, पण दुर्गापूजेतल्या संधिपूजेला तो फार मोठा ठरतो. अष्टमीची शेवटची २४ मिनिटे आणि नवमीची पहिली २४ मिनिटे, अशा दोन दंडांत, म्हणजे आपल्या दोन घटकांत, १०८ कमळे आणि १०८ दिवे देवीला अर्पण करायचे असतात. रामकृष्ण संघाचा बेलूर मठ विशुद्ध सिद्धान्त मानतो, अनेक जुन्या घराण्यांच्या पूजा गुप्तप्रेसवर चालतात, त्यामुळे एकाच शहरात हा क्षण दोन वेगळ्या वेळी येतो.

स्वतंत्र भारतात हा घोळ मिटवण्यासाठी १९५२ मध्ये मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखाली पंचांग सुधारणा समिती नेमली गेली. तिचे सचिव निर्मलचंद्र लाहिरी होते आणि सदस्यांत नागपूरचे के. ल. दप्तरी व ‘केसरी’चे माजी संपादक ज. स. करंदीकर होते. २२ मार्च १९५७ पासून राष्ट्रीय दिनदर्शिका सुरू झाली, तरी बंगालच्या देवघरांतील पंजिका जागची हलली नाही. सीमेपलीकडे, मुहम्मद शहीदुल्ला यांच्या समितीने १९६६ मध्ये सुचवलेली महिन्यांची निश्चित लांबी बांगलादेशाने पुढे स्वीकारली आणि तिथे पोइला बैशाख १४ एप्रिलला कायम झाला, तर पश्चिम बंगालमध्ये तो बहुधा १५ एप्रिलला येतो. बांगलादेशातील हिंदू घरे सरकारी नववर्षात सहभागी होतात, मात्र चैत्र संक्रांत, षष्ठीचे उपवास आणि पूजा यांचे दिवस जुन्या पंजिकेवरूनच काढतात.