आयनॅचरलिस्ट: नोंदी शोधणं वेगळं, आयडी शोधणं वेगळं

आयनॅचरलिस्ट म्हणजे दिसलेल्या जीवांचे फोटो टाकून इतरांच्या मदतीने ते ओळखण्याची वेबसाइट. तिचं 'एक्स्प्लोअर' पान नोंदी करणाऱ्या प्रत्येकाच्या हातातलं आहे: जात निवडा, ठिकाण निवडा, नोंदी समोर. गाडी अडते ती स्वतःच्या चुकलेल्या आयडी, म्हणजे नोंदींवर दिलेल्या ओळखी, शोधताना. त्याही लोक एक्स्प्लोअरमध्येच शोधतात, सापडत नाहीत, आणि मग 'सर्च बिघडलाय' हे ठरलेलं वाक्य येतं. सर्च बिघडलेला नसतो, पान चुकलेलं असतं.

एक्स्प्लोअर नोंदींची यादी देतं. वेबसाइटच्या पत्त्यात 'ऑब्झर्वेशन्स'च्या जागी 'आयडेंटिफिकेशन्स' लिहिलं की आयडींची यादी येते. एका नोंदीवर पाच जणांनी आयडी दिली असेल, तर इथे त्या पाच वेगळ्या धरल्या जातात. फिल्टरची नावं तीच, अर्थ मात्र बदलतात. 'यूझर_आयडी' म्हणजे तिकडे नोंद करणारा, इकडे आयडी देणारा. 'डी1' तिकडे जीव दिसल्याची तारीख, इकडे आयडी दिल्याची.

खरी मेख 'टॅक्सॉन_आयडी'त, म्हणजे जातीच्या किंवा गटाच्या क्रमांकात, आहे. कॉमन मॉर्मन या फुलपाखराच्या मादीचं एक रूप हुबेहूब कॉमन रोझ या दुसऱ्या फुलपाखरासारखं दिसतं. धड बघायचं: रोझचं लाल, मॉर्मनचं काळं. समजा, तुम्ही अशा माद्यांना रोझ म्हणून बसलात आणि इतरांनी ते दुरुस्त केलं. आता एक्स्प्लोअरमध्ये 'आयडेंट_यूझर_आयडी'त (तिथे आयडी देणाऱ्याचा फिल्टर हा) स्वतःचं नाव आणि टॅक्सॉनमध्ये रोझ घातलं, तर नोंदीवर आज जी ओळख आहे तीच तपासली जाते. दुरुस्त झालेल्या नोंदी आज मॉर्मन आहेत, म्हणजे नेमक्या तुमच्या चुकाच गळतात. उरलेली यादी बघून 'माझ्या सगळ्या आयडी बरोबर' असा समज होतो, आणि तीच चूक पुढच्या फोटोवर पुन्हा होते.

म्हणून आयडींच्या पानावर जा. 'यूझर_आयडी'त स्वतःचं लॉगिन, 'टॅक्सॉन_आयडी'त रोझचा क्रमांक, 'ऑब्झर्वेशन_टॅक्सॉन_आयडी'त मॉर्मनचा. क्रमांक त्या-त्या जातीच्या पानाच्या पत्त्यात असतो. सोबत पत्त्यात 'करंट=एनी' घालाच; नाहीतर तुम्ही मागे घेतलेल्या किंवा नंतर बदललेल्या आयडी निसटू शकतात, आणि शिकण्यासारखं त्यांच्यातच जास्त असतं.

'आयडेंटिफाय' हे तिसरं पान. तेही नोंदींचंच, फक्त भराभर आयडी देण्यासाठी. ते मुळातच 'नीड्स आयडी' (ओळख पक्की व्हायची बाकी) आणि न पाहिलेल्या नोंदींपुरतं लावलेलं असतं. आयडी दिली की नोंद आपोआप 'रिव्ह्यूड', म्हणजे तुम्ही पाहिलेली, होते, त्यामुळे स्वतः आयडी दिलेल्या नोंदी तिथे शोधल्या तर पान रिकामं. 'रिव्ह्यूड=एनी' आणि 'क्वालिटी_ग्रेड=एनी' लावा, दिसतील.

आणि कृपा करून, साइट काही आयडींवर लावते ते 'मॅव्हरिक' लेबल म्हणजे चूक असं सांगत फिरू नका. ते फक्त बहुमताशी न जुळणारं मत. दोन रोझ, एक मॉर्मन: दोन तृतीयांशाहून जास्त मतं लागतात, ती इथे नाहीत, म्हणून ओळख दोघांना सामावणाऱ्या वरच्या गटावर जाते. चौथ्याने न बघता रोझवर 'अ‍ॅग्री' दाबलं की तीनास एक, आणि काळं धड नीट पाहणारा मॅव्हरिक ठरतो. 'कॅटेगरी=मॅव्हरिक' लावून आलेल्या यादीत प्रत्येक फोटो उघडून बघा, सरसकट आयडी मागे घेऊ नका.