कुंग फू

चिनी युद्धकलांना चीनबाहेर रूढ झालेले सर्वसाधारण नाव. चिनी भाषेतील ‘गोंगफू’ या मूळ शब्दाचा अर्थ वेळ आणि कष्ट घालून अंगी मुरवलेले कसब असा असून तो युद्धकलेपुरता मर्यादित नाही. आचारी किंवा सुलेखनकार यांच्या कसबालाही गोंगफू म्हणतात. दक्षिण चीनमध्ये लहान किटलीत निगुतीने केल्या जाणाऱ्या चहाला ‘गोंगफू चहा’ असे नाव आहे. बाराव्या शतकात जू शी या विचारवंताने हा शब्द आत्मसंस्काराच्या साधनेसाठी वापरला. मराठीतील ‘तालीम’ या शब्दात सराव आणि आखाडा हे दोन्ही अर्थ नांदतात, त्यामुळे तो गोंगफूला बराच जवळचा वाटतो. युद्धकलांसाठी चीनमधील प्रचलित शब्द ‘वूशू’ हा होय.

उत्पत्ती : हनान प्रांतातील शाओलिन मठ इ. स. ४९५ च्या सुमारास बातुओ या भारतीय भिक्षूसाठी स्थापन झाला, असे मानतात. मात्र युद्धकलेचे श्रेय परंपरेने बोधिधर्म या बौद्ध भिक्षूला दिले जाते. सहाव्या शतकातील एका चिनी ग्रंथात बोधिधर्म पर्शियाचा असल्याचा उल्लेख आहे. दुसऱ्या एका जुन्या नोंदीत तो दक्षिण भारतीय राजपुत्र आहे. कांचीपुरमशी त्याचा संबंध जोडणारी परंपरा पुढची दिसते. त्याने व्यायाम शिकवल्याची कथा मुख्यतः ‘यी-जिन जिंग’ या स्नायुसंवर्धनविषयक ग्रंथावर उभी आहे. या ग्रंथाच्या एका प्रस्तावनेवर इ. स. ६२८ हा काळ घातलेला असला, तरी ग्रंथ सतराव्या शतकाच्या पूर्वार्धातील असावा. प्रस्तावनांतील विसंगती अठराव्या शतकात लिंग टिंगकान या विद्वानाने दाखवल्या आणि १९३० च्या सुमारास तांग हाओ या युद्धकलांच्या इतिहासकाराने बोधिधर्माचे हे श्रेय नाकारले. भारतात ही कथा आवडीने सांगितली जाते, तथापि तांग हाओचे मत अधिक ग्राह्य वाटते.

मठातील ७२८ च्या शिलालेखात, ६२१ मध्ये ली शमिन (पुढे तांग सम्राट) याला साहाय्य केल्याबद्दल तेरा भिक्षूंचा गौरव आहे. ते कोणत्या पद्धतीने लढले, हे त्यात नाही. शाओलिनची ख्याती मिंग राजवटीच्या काळात (१३६८–१६४४) प्रथम लाठीसाठी होती. मुष्टियुद्धाला तेथे प्राधान्य मिळाले ते बहुधा सोळाव्या-सतराव्या शतकांत.

प्रसार व अर्थांतर : १७७९ मध्ये पॅरिसला छापलेल्या जेझुइट मिशनऱ्यांच्या लेखनात ‘काँग-फू’ म्हणजे ताओपंथीयांचे आरोग्यदायी श्वसन व आसने, लढाईचा संबंध त्यात नाही. ग्वांगडोंग व फूजियान प्रांतांतील स्थलांतरितांनी आपल्या शैली आग्नेय आशियात नेल्या. ओकिनावातील ‘कराटे’ हा शब्द पूर्वी ‘चिनी हात’ अशा अर्थाच्या चिन्हांनी लिहीत. १९३० च्या दशकात ‘रिकामा हात’ हे लेखन मान्य झाले. चीनमध्ये या कला राष्ट्राच्या बलसंवर्धनाशी जोडल्या गेल्या: शांघायमध्ये १९१० साली जिंगवू संस्था आणि नानजिंगमध्ये १९२८ साली केंद्रीय ‘ग्वोशू’ (राष्ट्रीय कला) संस्था निघाली.

जगभर नाव झाले ते हाँगकाँगच्या चित्रपटांमुळे, विशेषतः ब्रूस ली (१९४०–७३) याच्यामुळे. कष्टसाध्य कसब हा व्यापक अर्थ मात्र या प्रवासात मागे पडला.

वूशू हा खेळ १९९० च्या बीजिंग येथील स्पर्धेपासून आशियाई क्रीडास्पर्धांत आहे. हांगजोऊ येथील स्पर्धेत (२०२३) मणिपूरच्या रोशिबिना देवीने भारताला रौप्यपदक मिळवून दिले.