सागरी सुरक्षा : आंतरराष्ट्रीय सहकार्य

जहाजे, खलाशी, बंदरे आणि सागरी मार्ग यांना चाचेगिरी, दहशतवाद, तस्करी व बेकायदा मासेमारीपासून वाचवण्यासाठी राष्ट्रांनी मिळून केलेले कायदे, करार आणि गस्तीची व्यवस्था. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंत (एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किमी.) किनारी राष्ट्राची सत्ता चालते. २०० मैलांपर्यंत मासे, तेल व वायू यांवर त्याचा हक्क असतो. त्यापलीकडचा समुद्र कोणाचाच नाही. तिथे जहाजावर जो ध्वज, त्या देशाचा कायदा. संयुक्त राष्ट्रांच्या १९८२ च्या सागरी कायदा कराराने ही चौकट पक्की केली. करार १९९४ मध्ये अमलात आला आणि भारताने तो १९९५ मध्ये स्वीकारला.

ध्वजाच्या नियमाला चाचेगिरी हा जुना अपवाद आहे. तिचा बंदोबस्त करण्यासाठी सहकार्य करणे हे कराराच्या १०० व्या कलमाने सर्व राष्ट्रांचे कर्तव्य ठरवले, तर १०५ व्या कलमाने चाच्यांना पकडून आपल्या न्यायालयात उभे करण्याचा अधिकार कोणत्याही राष्ट्राला दिला. व्याख्या मात्र अरुंद आहे. खासगी जहाजावरच्या लोकांनी खासगी हेतूने, कोणाच्याही प्रादेशिक हद्दीबाहेर, दुसऱ्या जहाजावर केलेला हल्ला तेवढीच चाचेगिरी. तोच हल्ला १२ मैलांच्या आत झाला तर तो सशस्त्र दरोडा आणि त्याचा तपास एकट्या किनारी राष्ट्राकडे. सोमालियात तपास करणारी यंत्रणाच कोलमडली होती. म्हणून जून २००८ मध्ये सुरक्षा परिषदेने ठराव १८१६ करून, तिथल्या सरकारच्या संमतीने, इतर देशांच्या नौदलांना त्या पाण्यात शिरण्याची मुभा दिली. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपासून भारतीय नौदल एडनच्या आखातात गस्त घालत आहे.

या व्याख्येपाशी मराठी वाचकाने जरा थांबायला हवे. सरखेल कान्होजी आंग्रे यांना इंग्रजी कागदपत्रे सरसकट चाचा म्हणतात. वास्तविक ते छत्रपतींचे सरखेल, म्हणजे आरमारप्रमुख होते, आणि त्यांच्या पाण्यातून जाणाऱ्या गलबतांना त्यांचे दस्तक (परवाना) घ्यावे लागे. राजसत्तेच्या आरमारप्रमुखाला आजची व्याख्या लावली तर तो चाचा ठरत नाही. पुढे १७५५-५६ मध्ये पुण्याच्या पेशव्यांनीच ईस्ट इंडिया कंपनीला सोबत घेऊन कान्होजींचे पुत्र तुळाजी आंग्रे यांच्यावर मोहीम केली आणि फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्गाखाली ते आरमार जळाले. दोन सत्तांनी एकत्र येऊन समुद्र ‘निर्धोक’ केल्याचा हा दाखला थेट पुण्याच्या दप्तरातला आहे. कोकण किनाऱ्यावर इंग्रजांना अडवील असे पूर्वीइतके बळ त्यानंतर मराठ्यांकडे उरले नाही. चाचा कोण हे बलवानाने नव्हे, सर्वांनी मान्य केलेल्या नियमाने ठरवावे, ही आजच्या कराराची खरी कमाई आहे.

अधिकार कागदावर असला तरी देशाचा स्वतःचा कायदा सोबत लागतो. ऑक्टोबर १९९९ मध्ये जपानी मालकीचे, पनामाचा ध्वज लावलेले ‘अलोंड्रा रेनबो’ हे जहाज इंडोनेशियातून सुमारे ७,००० टन ॲल्युमिनियम घेऊन निघाले आणि चाच्यांनी ते पळवले. क्वालालंपूरच्या चाचेगिरी नोंद केंद्राने सर्वत्र इशारा दिला. रंग व नाव बदललेले ते जहाज भारतीय तटरक्षक दल आणि नौदलाने नोव्हेंबरमध्ये अरबी समुद्रात पकडले. मुंबईच्या सत्र न्यायालयाने २००३ मध्ये आरोपींना शिक्षा दिली, पण २००५ मध्ये उच्च न्यायालयातून ते सुटले. चाचेगिरीचा स्वतंत्र गुन्हा तेव्हा भारतीय कायद्यात नव्हताच. तो येण्यास पुढे सतरा वर्षे लागली, आणि हा विलंब क्षम्य वाटत नाही. संसदेने सागरी चाचेगिरीविरोधी कायदा डिसेंबर २०२२ मध्ये संमत केला.

मार्च २०२४ मध्ये त्याची गरज पडली. डिसेंबर २०२३ मध्ये पळवलेल्या ‘रुएन’ या जहाजाचा ध्वज माल्टाचा होता. १७ खलाशी बल्गेरिया, म्यानमार आणि अंगोला या देशांचे होते. भारतापासून सुमारे २,६०० किमी. दूर भारतीय युद्धनौका आयएनएस कोलकाताने त्याला गाठले. हवाई दलाच्या विमानातून नौदलाचे मार्कोस कमांडो समुद्रात उतरवले गेले. सुमारे ४० तासांनी ३५ चाचे शरण आले, सर्व खलाशी वाचले आणि आरोपी मुंबई पोलिसांच्या ताब्यात दिले गेले.

माहितीची देवघेव हा या सहकार्याचा रोजचा भाग. महाराष्ट्राला तिची किंमत फार मोजावी लागली आहे : १९९३ मध्ये स्फोटके रायगडच्या किनाऱ्यावर उतरली, २००८ मध्ये हल्लेखोर ‘कुबेर’ ही मासेमारी नौका बळकावून आले. आता गुरुग्राम येथे २०१८ पासून हिंदी महासागरासाठी माहिती केंद्र चालते आणि मित्रदेशांचे संपर्क अधिकारी तिथे बसतात. सिंगापूरला आशियाई देशांचे तसेच केंद्र २००६ पासून आहे. मोठ्या सत्तांच्या सीमावादात मात्र ही सारी व्यवस्था तोकडी पडते. दक्षिण चीन समुद्राबाबतचा २०१६ चा लवादाचा निवाडा चीनने मानलेला नाही.

पुण्याला समुद्र नाही, पण समुद्रावर जाणारी माणसे इथे घडतात. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत नौदलाचे छात्र जलाशयावर नौकानयन शिकतात आणि त्यांच्या बरोबरीने मित्रदेशांचे छात्रही असतात. लोणावळ्याच्या आयएनएस शिवाजीत नौदलाचे अभियंते तयार होतात. तळेगावजवळच्या इंदुरीत आणि लोणी काळभोरला व्यापारी जहाजांचे भावी अधिकारी शिकतात. यांतले अनेक जण पुढे परदेशी ध्वजाखाली काम करतात. म्हणजे पुण्याच्या घरातला मुलगा एडनच्या आखातात असतो, तेव्हा त्याचे रक्षण ध्वजाचा देश, जवळची गस्तनौका आणि दूरचे माहिती केंद्र यांच्या मेळावर अवलंबून असते. १ जुलै २००४ पासून आंतरराष्ट्रीय प्रवास करणाऱ्या जहाजांवर सुरक्षा अधिकारी नेमणे बंधनकारक आहे. जहाजावर दडवलेले एक बटण असते. ते दाबले की जहाजावर भोंगा वाजत नाही, हल्लेखोरांना कळत नाही; संदेश थेट किनाऱ्यावर जातो आणि त्यात जहाजाचे नाव व ठिकाण असते.